सुटे भाग हरवलेला जुना ३०१८ सीएनसी राउटर: काही महिन्यांच्या वापरानंतर

हे मशीन, म्हणजे संगणकाच्या आज्ञेनुसार फिरतं बिट सरकवून लाकूड-प्लास्टिक कोरणारं यंत्र, हातात आलं तेव्हा त्यासोबत अ‍ॅडॅप्टर नव्हता, झेड (वर-खाली) अक्षाचा स्क्रू आणि नट नव्हते, बिट पकडणारं कॉलेट आणि क्लॅम्पही नव्हते. मोटरींना आज्ञा देणाऱ्या बोर्डवर, म्हणजे कंट्रोलरवर, कुठली वायर कुठे जाते याचा कागदसुद्धा नव्हता. तरी घेतलं, कारण सांगाडा गुनियात (काटकोनात) होता, एक्स आणि वाय या आडव्या अक्षांचे स्क्रू हाताने फिरवताना टोकाशी डगमगत नव्हते आणि गाइड रॉडवर बेअरिंगने पाडलेले चरे नव्हते. या तीन गोष्टी धड असतील तर बाकीचं सगळं मिळतं. वाकडा सांगाडा मात्र सरळ करत बसू नये.

३०१८ म्हणजे कामाची जागा ३०० बाय १८० मिलिमीटर. झेडला साधारण ४५. या वर्गातली बहुतेक मशिनं त्याच त्या भागांवर उभी असतात: नेमा १७ मापाची स्टेपर (पायरी-पायरीने फिरणारी) मोटर, टी-८ स्क्रू, ईआर-११ कॉलेट, ७७५ मोटरचा स्पिंडल (बिट फिरवणारा भाग), २४ व्होल्टचा पुरवठा. म्हणून हरवलेला भाग मूळ कंपनीचाच शोधायची गरज पडत नाही.

पण टी-८ म्हणजे फक्त ८ मिलिमीटर व्यास, आणि खरी गोम इथेच आहे. २ मिलिमीटर पिचचा (शेजारच्या आट्यांतल्या अंतराचा) स्क्रू दोन आट्यांचा असेल तर एका फेऱ्यात ४ मिलिमीटर सरकतो, चार आट्यांचा असेल तर ८. स्क्रूच्या कापलेल्या टोकाकडे पाहून आटे किती सुरू होतात ते मोजता येतं. माझ्या एक्स-वायला दोन आट्यांचे होते, झेडसाठी मिळाला तो चार आट्यांचा. नट त्याच जातीचा लागतो, नाहीतर चढतच नाही. आता हिशोब: मोटरच्या एका फेऱ्याला २०० पायऱ्या, मोटर चालवणारा ड्रायव्हर दर पायरीचे १६ भाग (मायक्रोस्टेप) करतो, म्हणजे एका फेऱ्याला ३२००. दर मिलिमीटरला किती, तर चारने भागून ८००, आठने भागून ४००. जीआरबीएल या कंट्रोलरमधल्या सॉफ्टवेअरमध्ये $१०० आणि $१०१ (एक्स, वाय) या सेटिंगला ८००, $१०२ (झेड) ला ४०० लिहिलं. झेडलाही ८०० राहू दिलं असतं तर बिट सांगितल्याच्या दुप्पट खोल उतरलं असतं. शिवाय जास्त लीडचा (एका फेऱ्यात जास्त सरकणारा) स्क्रू मोटर सुटी झाली की स्पिंडलच्या वजनाने खाली सरकू शकतो. $१ मध्ये २५५ घातलं की मोटर धरून ठेवते.

कंट्रोलर संगणकाला ११५२०० बॉड रेटवर जोडून $$ टाइप केलं की आधीच्या मालकाच्या सगळ्या सेटिंग्ज समोर येतात. काहीही बदलण्याआधी ही यादी जपून ठेवा. माझ्यात $३२, म्हणजे लेझर मोड, चालू होता, तेव्हा आधीचा मालक लेझर लावत असणार. स्पिंडलसाठी तो ० करायचा.

मोटरच्या वायरींचे रंग भरवशाचे नसतात. दोन वायरी एकमेकींना टेकवून शाफ्ट फिरवा. जड झाला तर ती एका कॉइलची जोडी. वीज चालू असताना मोटरची वायर काढू नका, ड्रायव्हर त्यानेच जळतात. ए-४९८८ ड्रायव्हरवर सेन्स (करंट मोजणारे) रेझिस्टर ०.१ ओहमचे असतील तर संदर्भ व्होल्टेज ०.८ व्होल्ट म्हणजे मोटरच्या करंटची मर्यादा १ अँपिअर. मोटर हात लावता येईल इतपतच तापते ना, हे अर्ध्या तासाने बघितलंच पाहिजे. नवा अ‍ॅडॅप्टर लावण्याआधी प्लगची पोलॅरिटी मीटरवर तपासा.

काटकसर कुठे करू नये असं मला कुणी विचारलं तर मी कॉलेटचं नाव घेईन. ३.१७५ मिलिमीटर शँकचं (दांडीचं) बिट हलक्या कॉलेटमध्ये किंचित जरी वाकडं फिरलं, तरी बारीक अक्षरांच्या कडा फाटतात आणि दोष आपण फीडला (बिट पुढे सरकण्याच्या वेगाला) देत बसतो. चांगलं कॉलेट लावल्यावर त्याच फाइलवर, त्याच लाकडावर कडा स्वच्छ आल्या.

टेबलावर एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) पसरून तो मशीननेच सपाट कापून घेतला, तेव्हापासून खोली एकसारखी येते. मऊ लाकूड आणि एमडीएफ हे मशीन आनंदाने कापतं. अ‍ॅक्रिलिकला एका धारेचं बिट लागतं, नाहीतर ते वितळून बिटालाच चिकटतं. पीसीबीवर (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या बोर्डवर) तांब्याचा थर साधारण ३५ मायक्रॉनचा असतो, त्यामुळे आधी प्रोबने (बिट टेकवून जागोजागी) पृष्ठभागाची उंची मोजून घेतल्याशिवाय रेषा सलग येत नाहीत. पण ती मोजणी जमली की घरी कोरलेला बोर्ड पहिल्या झटक्यात चालतो, आणि मला या मशीनचं सगळ्यात जास्त कौतुक याचंच आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या नादी मी लागणार नाही, सांगाडा तेवढा ताठ नाही. एमडीएफची धूळ फार बारीक असते, मास्क आणि व्हॅक्यूमशिवाय सुरूच करू नये.

इतक्या वापरानंतर एक्सच्या नटात थोडा खेळ (ढिलेपणा) आला आहे. बारीक हालचाल दाखवणारा डायल गेज लावून उलटसुलट हलवलं की तो दिसतो. स्प्रिंगने ताणलेला दुहेरी नट मागवला आहे. ७७५ मोटरचे ब्रश झिजत चालल्याचा आवाजही येऊ लागलाय, तेव्हा नटानंतर पाळी स्पिंडलची.