गुळाच्या भावाचा हिशेब फळ्यावर मांडणारं लक्ष्मीपुरीतलं दुकान

कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानांच्या ओळीत हे दुकान आहे. पाटीवर मालकाचं नाव नाही, नुसतं 'गुळाचे व्यापारी' एवढंच. पण 'भावाच्या फळ्याचं दुकान' म्हणून विचारलंत तर कुणीही दाखवेल. मी घरून तिळाचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की आणि दिवाळीला अनारसे करून विकते. माझ्या मालात गुळाचा खर्च मोठा, त्यामुळे गूळ कितीला मिळतो यापेक्षाही तो काय सांगून विकला जातो याकडे माझं बारीक लक्ष असतं. त्या बाबतीत एवढं सरळ दुकान मला कोल्हापुरात दुसरं सापडलेलं नाही.

दारातच काळा फळा आहे. मागच्या खेपेला त्यावर किलोमागचे रुपये असे होते: सौदा (यार्डातल्या लिलावाचा भाव) 47, हमाली-भाडं-तूट 4, आमचे 7, एकूण 58. खाली गुऱ्हाळ कुठल्या तालुक्यातलं आणि रवा, म्हणजे गुळाची मोठी ढेप, दुकानात कधी आला ती तारीख. शाहू मार्केट यार्डातला सौदा वरखाली झाला की पहिला आकडा बदलतो. 'आमचे 7' तसेच राहतात. आपला नफा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर लिहून ठेवायला छाती लागते. तो सात रुपयांचा आकडा वाचल्यावर घासाघीस करावीशीच वाटत नाही.

हा भाव रास्त आहे का, हे मी घरी ताडून पाहिलं. 2025-26 च्या हंगामाला उसाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, 10.25 टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेला) टनाला 3550 रुपये होती. ती कारखान्यांना लागू, गुऱ्हाळांना नाही. पण शेतकरी ऊस गुऱ्हाळाला घालताना कारखान्याचा दर मनात धरणारच. एका टनातून साधारण 110 किलो गूळ धरला तर किलोमागे नुसता ऊसच 32 रुपयांचा झाला. जळणाला चिपाडं असतात, तो खर्च वाचतो. पण गुळव्या (गूळ शिजवणारा), जळव्या (जाळ घालणारा), बाकीची माणसं, रस निवळायला चुना, भेंडी, यार्डापर्यंतची गाडी हे सगळं सौद्याच्या 47 मधल्या उरलेल्या पंधरा रुपयांत बसवायचं. म्हणून फारच स्वस्त गूळ दिसला की मला आनंद होत नाही, काळजी वाटते. साखर गुळापेक्षा स्वस्त पडली की रस आटवायच्या काही काहिलींत साखरेची पोती रिकामी होतात, हे इथं लहान पोरालाही ठाऊक आहे. तसला गूळ फोडला की आत साखरेचे कण चमकतात, आणि माझ्या चिक्कीचा पाक बिघडतो.

आता रंगाचं. कोल्हापुरी गुळाचं मोठं गिऱ्हाईक गुजरात, आणि तिथल्या व्यापाऱ्याला पिवळाधमक, कडक रवा लागतो. सौद्यात रंगालाच पैसे मिळतात म्हटल्यावर गुऱ्हाळात हायड्रॉस पावडर, म्हणजे रंग उजळवणारं गंधकयुक्त रसायन, येणारच. गुळात सल्फर डायऑक्साइड किती चालतं त्याला कायद्यानं मर्यादा घातली आहे, पण रवा बघून ते प्रमाण कुणाला कळणार? हे शहरातल्या लोकांच्या कानावर गेलं आणि उलटा वारा सुटला. काळा म्हणजे बिनरसायनाचा, बिनरसायनाचा म्हणजे सेंद्रिय, सेंद्रिय म्हणजे दुप्पट भाव. खाकी खोका, वर सुतळीची गाठ, बैलाचं चित्र, आणि किलोला दीडशे रुपये. पण गूळ काळा व्हायला कारणं ढीगभर आहेत. काहिलीला आच जास्त लागली, रसावरची मळी नीट काढली नाही, ऊस खारवट रानातला होता, किंवा माल पावसाळाभर दमट खोलीत पडून होता. पूर्वी पिवळ्या रंगाचे पैसे घेत, आता काळ्याचे घेतात. उसात काय घातलं आणि काहिलीत काय घातलं, हे सांगणारा कागद दोन्ही वेळेला नाहीच.

म्हणून या दुकानात ऐकलेलं एक बोलणं मला फार मोलाचं वाटतं. पुण्याच्या एक बाई विचारत होत्या, "मामा, हा काळा गूळ सेंद्रिय आहे ना?" मामा, म्हणजे दुकानाचे मालक, म्हणाले, "काळा हाय. सेंद्रिय हाय का न्हाई ते मला म्हाईत न्हाई. गुऱ्हाळवाल्यानं लिहून दिलेलं न्हाई, मग मी कसं सांगू?" बाईंनी तरीही दोन किलो घेतला, 58 रुपयांनीच. ज्या गुळाचा सेंद्रियचा दाखला आहे तो त्यांनी वेगळ्या फळीवर ठेवलाय, भाव 95, आणि दाखल्याची प्रत भिंतीवर लावलेली. कोल्हापुरी गुळाला 2014 साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, त्याबद्दलही ते नीट सांगतात: ते गूळ कुठला याचं आहे, रसायन नाही याचं नव्हे.

30 किलोचा रवा ते तुमच्यासमोर फोडून, वजन करून देतात. सुट्या गुळाला जीएसटी नाही. 18 जुलै 2022 पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या गुळावर 5 टक्के आहे, तोही 25 किलोपर्यंतच्या पाकिटालाच. त्यामुळे घरच्या वापराला सुटाच घ्यावा, डबा घेऊन जावं.

एक गोष्ट मात्र मला पटलेली नाही, आणि ती मी तिथं बोलूनही दाखवली आहे. मामांच्या मुलानं अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी खोके काढलेत. 99 रुपये, शेजारी खोडलेले 150. उचलला की किलोचा वाटतो, वजन 900 ग्रॅम. नियमाप्रमाणे सगळं छापलंय, पण कडेला, बारीक. 900 ग्रॅमचे फळ्याच्या भावानं 52, कराचे पावणेपाच, खोक्याचे त्यानंच सांगितलेले 12. वर तीस रुपये उरतात. नफ्याला माझी हरकत नाही, भेट द्यायच्या वस्तूला जास्त पैसे पडतात. पण 150 ला हा गूळ या दुकानानं कधी विकलाच नाही, मग तो आकडा खोडायचा कशाला?

मुलगा म्हणाला, "काकू, बाहेरचा माणूस 58 चा गूळ बघितला की हलका समजतोय. हातच लावत न्हाई." हे त्याचं म्हणणं खरं आहे. भाव कमी दिसला की माल कमी दर्जाचा, असं लोक धरूनच चालतात. मला लाडवांच्या बाबतीत हा अनुभव नेहमी येतो. पण त्यावर उपाय त्याच्याच दारात टांगलेला आहे. वडिलांचा फळा खोक्यावर छापावा: सौदा इतका, खोका इतका, कर इतका, आमचे इतके. मी चिक्कीच्या पाकिटावर गुळाचा तालुका आणि महिना छापते, आणि बाहेरगावची गिऱ्हाइकं सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच विचारतात. विचारणारा माणूस परत येतो. मुलानं ऐकून घेतलं, "बघतो" म्हणाला. खोके अजून तसेच आहेत.

बाकी किरकोळ. मोठ्या रव्यांवर नुसतं गोणपाट टाकलेलं असतं आणि उन्हाचं माश्या बसतात. तिथं जाळी हवी. गाडी लावायला जागा नाही, सकाळी लवकर गेलेलं बरं. चिक्कीचा गूळ आधी सांगून ठेवावा, संक्रांतीच्या आठवड्यात तो दुपारपर्यंत संपतो.