सेल्फ जड फिरतो म्हणजे सेल्फ गेला असं नव्हे

कोथरूडमधल्या एका प्रीमियर पद्मिनी गाडीचं रंगकाम झालं आणि आठवड्याभरात सेल्फ, म्हणजे इंजिन चालू करणारी स्टार्टर मोटर, कण्हत फिरू लागला. ऑटो इलेक्ट्रिशियनने गाडीला मीटर न लावताच सांगून टाकलं, "काका, आर्मेचर गेलंय, रिवाइंडिंगच करावं लागेल." आर्मेचर म्हणजे सेल्फच्या आतला तारांच्या वेटोळ्यांचा फिरता भाग, रिवाइंडिंग म्हणजे त्या तारा नव्याने गुंडाळणं. साडेसहा हजार घेतले. गाडी दोन महिने झकास चालू होत होती. पाऊस लागला आणि पुन्हा तेच. या वेळी दुसरीकडे सेल्फ उघडला, तेव्हा बाहेरून ताजा काळा रंग आणि आत वर्षानुवर्षांची कार्बनची भुकटी, झिजलेले जुनेच कार्बन (आर्मेचरला करंट पोचवणारे ब्रश). रिवाइंडिंग झालंच नव्हतं.

खरा दोष अर्थिंगच्या पट्टीत होता. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, त्यामुळे सेल्फचा करंट बॅटरीकडे परत जातो तो इंजिन आणि बॉडीमधल्या विणलेल्या पट्टीतून. रंगकामात ती काढली होती आणि नव्या रंगावरच परत आवळली होती. सेल्फ लावताना इलेक्ट्रिशियनने तिचा बोल्ट घट्ट केला, रंग थोडा खरवडला गेला, म्हणून दोन महिने निभावले. सेल्फ फिरताना दीडशे अँपिअरच्या आसपास करंट वाहतो. वाटेत नुसता 0.01 ओहम रोध आला तरी दीड व्होल्ट तिथेच खर्च होतो.

हे पकडायला दहा मिनिटं आणि साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) मधली जाड वायर काढून इंजिनला टेकवून ठेवा, म्हणजे इंजिन चालू होणार नाही. मीटर डीसी 20 व्होल्टवर. एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका.

आधी बॅटरी. मीटरची टोकं शिशाच्या खुंटीवर टेकवा, क्लॅम्पवर नाही. गाडी उभी असताना 12.6 व्होल्ट, सेल्फ मारताना 9.6 च्या खाली जाऊ नये. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरं सेल्फच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारा. 0.2–0.3 पर्यंत ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग खराब. पॉझिटिव्ह खुंटी ते सेल्फचा टर्मिनल हे अंतरही असंच तपासा, तिथेही अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. मीटर नसेल तर जंपर केबलची एक बाजू निगेटिव्हला आणि दुसरी थेट इंजिनच्या उघड्या धातूला लावा. सेल्फ एकदम तेज फिरला तर एक पैसाही सेल्फवर खर्च करू नका.

दोन्ही बाजू ठीक, बॅटरीही फार खाली येत नाही आणि तरी सेल्फ रेंगाळतो, तर दोष कार्बनमध्ये किंवा कम्युटेटरमध्ये (आर्मेचरवरच्या ज्या तांब्याच्या भागाला कार्बन घासतात तो). बॅटरी चांगली असून व्होल्टेज धाडकन पडतं, तर बहुधा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची नळी) झिजून आर्मेचर आत घासतंय. तेव्हाच सेल्फ उतरवायचा, आणि देण्याआधी बॉडीवर व आर्मेचरच्या शाफ्टवर पंचने खूण करायची. काढलेले कार्बन आणि बुश परत मागा. ते द्यायला कां-कूं झाली तर बिल भरू नका. नवा सच्छिद्र बुश बसवण्याआधी एक दिवस इंजिन ऑइलमध्ये भिजलेला हवा, हेही विचारा.

त्या पद्मिनीला शेवटी लागली नवी पट्टी आणि पॉलिश पेपर. पट्टीची दोन्ही टोकं बसतात तिथला रंग घासून पत्रा चकचकीत केला, बोल्ट आवळून वरून व्हॅसलिन लावलं.