बीओईच्या नादात गेलेले ६२,७०० रुपये

साखर कारखान्यात बॉयलरवर सोळा वर्षं काढलेला माणूस मोबाईलवरच्या कुणा 'सरां'ना ६२,७०० रुपये देऊन बसतो, यावर हसायचं असेल तर आधी हसून घ्या. लिहितोय ते चाळिशी ओलांडून बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरच्या (बीओई) परीक्षेला बसणाऱ्या माझ्यासारख्या डिप्लोमावाल्यांसाठी. काल आलेली पोरं बीओई काढून आपल्या डोक्यावर बसतात. ते रोज बघावं लागतं, म्हणून माणूस घाई करतो.

क्लासचे १८,५००. मिळालं काय, तर तीन आठवडे रात्री नऊचं लेक्चर आणि 'स्पेशल नोट्स'. त्या नोट्स म्हणजे आयबीआर १९५० ची, म्हणजे बॉयलरच्या सरकारी नियमांची, फुकट मिळणारी पीडीएफ, वर यांचा शिक्का. मग फॉर्मच्या छाननीचे ४,२००, कारण अनुभवाचा दाखला म्हणे नमुन्यात बसत नाही. दाखला व्यवस्थित होता. तरी भरले. शेवटी तोंडी परीक्षेचे ४०,०००.

खरं तर पाचव्या लेक्चरलाच उठायला हवं होतं. सर म्हणाले, "गेज ग्लासमध्ये पाणी दिसेनासं झालं की पहिलं काम, फीड पंप फुल सोडायचा." गेज ग्लास म्हणजे बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवणारी काचनळी, फीड पंप म्हणजे आत पाणी सोडणारा पंप. माझा पेन थांबला. अहो, पाणी ग्लासच्या खाली गेलंय, ट्यूबा तापून लाल, त्यावर पाणी मारायचं? आमचा फायरमनसुद्धा सांगेल, आधी बगॅस फीडर (भट्टीत उसाचा चोथा टाकणारा) बंद कर, आग मार, पंपाला हात लावू नकोस. ज्यानं बॉयलर लांबूनही पाहिला नाही तोच असलं बोलणार. आणि मी काय केलं? वाक्य वहीत उतरवलं आणि पुढं कंसात लिहिलं, 'चुकून बोलले असतील.' ती वही अजून घरात आहे. ती ओळ दिसली की कानशिलं तापतात.

क्यूआर स्कॅन केला तेव्हा नाव आलं कुठल्याशा मोबाईल शॉपीचं. विचारलं, तर "वहिनींचं खातं आहे." पटलं मला! पैसे सोडण्याआधी स्क्रीनवरचं नाव वाचा, आणि वाचलं तर त्यावर थांबा.

चाळीस हजार म्हणजे सेटिंगच की, असं म्हणाल. म्हणा. मागच्या खेपेला मी तोंडीतच गेलो होतो. समोर तिघं बसले की येणारं उत्तरही तोंडातून फुटत नाही. 'आत आपला माणूस लागतो' हे कँटीनमध्ये इतक्यांदा ऐकलं होतं की खरंच वाटायला लागलं. नंतर परीक्षेच्या कार्यालयात चौकशी केली, तर या 'सरां'चं नावसुद्धा कुणाला माहीत नव्हतं. कँटीनमधलं असलं बोलणं हेच या लोकांचं भांडवल.

पैसे गेल्या गेल्या १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. मी अकरा दिवस 'सर गावाला गेलेत' ऐकत बसलो, तोवर त्यांचं खातं रिकामं.

आता पोलिसांचं ऐका. पहिल्या ठाण्यात सांगितलं, ऑनलाइन आहे, सायबरला जा. सायबरला म्हणाले, हद्द तुमच्या ठाण्याची. परत आलो तर साहेब बंदोबस्तावर. चौथ्या खेपेला अर्ज घेतला, गुन्हा नाहीच. "क्लास झाला ना? मग फसवणूक कसली? फीचा वाद आहे, कोर्टात जा." स्क्रीनशॉट दाखवतोय तर हवालदार मोबाईलवर क्रिकेट बघतोय. बँकेत गेलो तर, पिन तुम्हीच टाकला, आमचा संबंध नाही. सहा रजा गेल्या, त्याही बिनपगारी. आणि सगळ्यात कहर म्हणजे साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "हे चाळीस हजार कशाचे?" मी गप्प. "म्हणजे लाच द्यायला निघाला होता का तुम्ही?" शेजारच्या बाकावरची माणसंही वळून बघायला लागली. त्या 'सर' म्हणवणाऱ्या नराधमाला हेच तर हवं असतं. शेवटची रक्कम तो अशीच मागतो, की ती कशाची हे तुम्हाला कुणाला सांगता येऊ नये.

मी अर्जात तीनही आकडे लिहिलेत, तारखांसकट. तुमचे गेले असतील तर तुम्हीही लिहा, लाज वाटली तरी.

घरी मात्र अजून १८,५०० च माहीत आहेत.