गोव्यातल्या सत्तरीच्या डोंगरात बेडूक-साप मोजायचे: रात्रीची फेरी की रेकॉर्डर?

हाताशी दोन-तीन माणसं आणि एकच पावसाळा असेल, तर आधी ठरवा मोजायचं काय. बेडूक ओरडतात, साप ओरडत नाहीत. निम्मा निर्णय इथेच होतो.

फेरीचा खर्च विजेरी आणि गमबुटांपुरता. सूर्यास्तानंतर पाऊण तासाने निघायचं; १०० मीटरचा पट्टा, दोन्ही बाजूंना २-२ मीटर, दोघांनी अर्ध्या तासात. प्रत्येक वेळी तेवढाच वेळ द्या, नाहीतर जूनचे आकडे ऑगस्टशी ताडता येत नाहीत. तापमान आणि मागच्या २४ तासांतला पाऊसही टिपा. त्याच पट्ट्यावर हंगामात तीन-चार फेऱ्या हव्यातच, कारण एखादा जीव एका रात्री दिसला नाही म्हणजे तो तिथे नाही असं नव्हे. उलट चूकही होते: मलबारी चापडा हा विषारी साप अनेक रात्री एकाच फांदीवर बसून राहतो, अंगावरच्या नक्षीचा फोटो नसेल तर एकच साप चारदा मोजला जातो.

रेकॉर्डर, म्हणजे जंगलात टांगून ठेवायचं, आपोआप आवाज टिपणारं यंत्र, थकत नाही. संध्याकाळी ६ ते सकाळी ६, दर १० मिनिटांत १ मिनिट, ४८ किलोहर्ट्झवर (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) लावला तर रात्रीला साधारण ४१५ एमबी भरतात; ३२ जीबीचं कार्ड सत्तरेक रात्री पुरतं. बॅटऱ्या मात्र आधी संपू शकतात. खरा वैरी पाऊस. रुंद पानांच्या झाडाखाली किंवा ओहोळाच्या काठाला टांगलात तर नुसता खळखळाट हाती येतो. डबीत सिलिका जेलची पुडी टाका. आणि आवाज येतो तो नराचा. माद्या, पिल्लं, संख्या यातलं काहीच कळत नाही. झुडपी बेडकांचे आवाज तर इतके सारखे की ओरडणारा बेडूक डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नाव लिहू नये.

देवगांडूळ, म्हणजे मातीत राहणारा, गांडुळासारखा दिसणारा बिनपायांचा उभयचर, दोन्हींतून निसटतं. सत्तरीतल्या केरी गावात सापडलेल्या जातीला २००७ साली गोव्यावरून शास्त्रीय नाव मिळालं, पण ती शोधायला कुळागरातला (सुपारीच्या बागेतला) पालापाचोळा आणि दगड उलटावेच लागतात. दगड पलीकडच्या कडेने, आकड्याने उचला आणि होता तसा परत ठेवा.

आमचा कौल: साप-पाली हव्या असतील तर पैसे फेरीवरच घाला. फक्त बेडूक हवे असतील तर तीन रेकॉर्डर, आणि आवाजाला चेहरा मिळावा म्हणून प्रत्येक जागी दोन फेऱ्या. जीव आत पडून सापडावेत म्हणून जमिनीत पुरायच्या बादल्या पावसाळ्यात नकोच. पाणी भरतं आणि आतला जीव बुडून मरतो. म्हादई अभयारण्याच्या हद्दीत जाणार असाल तर वनखात्याकडे अर्ज पावसाच्या बराच आधी करा. एका ओहोळावरून दुसऱ्यावर जाताना बूट जंतुनाशकाने धुऊन वाळवा, बेडकांचा बुरशीरोग चिखलातूनही पसरतो.