टिकटिक गेली तेव्हाच कळायला हवं होतं

मे महिन्यात पारोळ्याच्या पुढे आमची एमजीए, म्हणजे जुनी ब्रिटिश दोन सीटांची स्पोर्ट्स कार, बंद पडली. आजोबांनी घेतलेली, १९५८ची. लिंबाखाली अर्धा तास थांबलो, इंजिन निवलं, सुरू झाली. एरंडोलजवळ पुन्हा तेच. खान्देशातलं ऊन ४४-४५ला गेलं की नळीतच पेट्रोलची वाफ होते, आणि या इंजिनात कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारे भाग) नेमके तापलेल्या एक्झॉस्टच्या वरच बसलेले असतात. हे मला ठाऊक असतं तर पुढचं रामायण घडलं नसतं.

हायवेवरच्या एका गॅरेजवाल्याने बोनेट उघडून निकाल दिला: दोन्ही कार्बोरेटर गेले. "भाऊ, काय ठेवेल से त्यामा! पार्टच मिळत नाहीत." (हे कार्बोरेटर एसयू या ब्रिटिश बनावटीचे, त्यांचे पार्ट इंग्लंडात आजही नवे बनतात.) तीन आठवड्यांनी गाडी आली, चाळीस हजार मोजले, वर आभारही मानले.

गाडी चालायची, पण चढावर दम टाकायची. शेवटी जळगावच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींना दाखवली. त्यांची हयात अ‍ॅम्बॅसेडर टॅक्सींत गेलेली. त्यांनी बोनेटला हातही न लावता चावी फिरवली आणि विचारलं, "टिकटिक कुठे गेली?" टाकीतून पेट्रोल ओढणारा मूळ एसयू पंप गाडीच्या मागच्या बाजूला असतो. चावी दिली की टिकटिकतो, कार्बोरेटर भरले की गप्प बसतो. माझा नुसता भुणभुणत होता. मग बोनेट उघडलं तर दोनाच्या जागी एकच कार्बोरेटर, मॅनिफोल्डसकट (इंजिनाला जोडणाऱ्या नळ्यांसकट) अ‍ॅम्बॅसेडरचा! दोन्ही गाड्यांचं १४८९ सीसी इंजिन एकाच घराण्यातलं, त्यामुळे तो बेमालूम बसला होता. प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटरही तसाच बदललेला. लबाडाला ज्ञान होतं, एवढं मान्य करावं लागेल.

तुमच्याकडे अशी गाडी असेल तर गॅरेजला देण्याआधी कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरच्या (पेट्रोल साठणाऱ्या कप्प्याच्या) झाकणाच्या स्क्रूखालची छोटी पट्टी बघा, तिच्यावर नंबर असतो. लुकास कंपनीच्या मूळ डिस्ट्रिब्युटरच्या अंगावरही नंबर ठोकलेला असतो. दोन्हींचे फोटो काढा, नंबर बिलावर लिहून घ्या आणि काढलेला जुना माल परत मागा, भंगार असला तरी.

मी जाब विचारायला गेलो तेव्हा गॅरेजवाला म्हणाला, "तुमच्या गाडीत हेच होतं." माझ्या बिलावर ‘कार्बोरेटर काम’ एवढंच लिहिलंय.