न्यूयॉर्कमध्ये फिलिपिनो जेवण: वुडसाइडमधले माझे नऊ महिने

आम्ही क्वीन्समधल्या वुडसाइडला घर घेतलं ते जॅक्सन हाइट्स जवळ म्हणून. ७ नंबरच्या ट्रेनने ६९ व्या रस्त्यावरून एक स्टेशन पुढे गेलं की ७४ वा रस्ता. तिथे कढीपत्ता, तूरडाळ, इडली रवा, सगळं मिळतं. घराखाली काय मिळतं याचा विचारच केला नव्हता. खाली रूझवेल्ट ॲव्हेन्यू आहे, डोक्यावर ट्रेनचा लोखंडी पूल, आणि पुलाच्या दोन्ही बाजूंना फिलिपिनो खानावळी, बेकऱ्या, वाणसामानाची दुकानं, मायदेशी पैसे आणि खोकी पाठवून देणारी दुकानं. सगळे या भागाला लिटल मनिला म्हणतात. २०२२ पासून ७० व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर त्या नावाची पाटीही लागली आहे. गेले नऊ महिने मी आठवड्यातून एकदा तरी इथे जेवते. फिलिपिनो कुठे खायचं, असं ओळखीतले बरेच जण विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

पहिल्या जेवणावरून काही ठरवू नका. आम्ही तेच केलं होतं आणि चार महिने फुकट घालवले असते. फोटो बघून एका ठिकाणी 'कामायान'साठी गेलो. म्हणजे टेबलभर केळीची पानं, मधोमध भाताचा ढीग, भोवती तळलेलं डुक्कर, कोळंबी, मासे, आंब्याच्या फोडी, आणि सगळ्यांनी हाताने जेवायचं. दोन दिवस आधी सांगायला लागलं, आगाऊ पैसे भरायला लागले, आणि पानावर आलं ते बरंचसं गार आणि एकाच चवीचं. त्याहून वाईट म्हणजे बरोबरच्या शाकाहारी मैत्रिणीला "नुसत्या भाज्या आहेत" म्हणून पिनाकबेत दिलं. दुसऱ्याच घासाला तिला कोळंबीचा वास आला. विचारलं तर म्हणाले, थोडंसंच आहे. ती पोर त्या दिवशी कोरडा भात खाऊन उठली. त्या जागेचं नाव घेत नाही, पण पुन्हा पायरी चढले नाही.

मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. तिथल्या एका फिलिपिनो नर्सला मी हे सांगितलं, तर तिने एकच विचारलं: "आंबट काय खाल्लंस?" काहीच नाही. "मग तू आमचं जेवलीच नाहीस." पुढच्या रविवारी ती मला तुरो-तुरोत घेऊन गेली. तुरो म्हणजे बोट दाखवणं. काचेमागे पातेली मांडलेली असतात, आपण बोट दाखवायचं, ते वाढतात. याच शब्दाचा दुसरा अर्थ शिकवणं असाही आहे, आणि माझ्या बाबतीत दोन्ही खरे ठरले. मेनू वाचून मागवणाऱ्याला इथे फार कळत नाही. समोर बघून, वास घेऊन, "हे काय?" विचारून मागवणाऱ्याला कळतं. वाढणाऱ्या बायका न कंटाळता सांगतात.

तिने बोट दाखवलं ते सिनिगांगकडे. चिंचेचा पातळ रस्सा, त्यात कोळंबी नाहीतर मासा नाहीतर डुक्कर, मुळ्याच्या चकत्या, चवळीच्या लांब शेंगा, वांगं, कांगकोंग म्हणजे आपली नाळीची भाजी, आणि रस्सा जरा दाट व्हावा म्हणून अळकुड्या. तेलाचा तवंग नाही, मसाला नाही, हळद नाही. पहिला चमचा घेतला आणि कानामागे झिणझिण्या आल्या. मी वेंगुर्ल्याची. आमच्याकडे माशाच्या कढीला आंबटपणा कोकमाचा, पण जिभेला ही आंबट ओढ लहानपणापासून माहीत आहे. इतकी वर्षं या शहरात थाई, कोरियन, मेक्सिकन सगळं खाल्लं, पण भातावर रस्सा ओतून कालवून खावं असं इथे पहिल्यांदा वाटलं. माझं मत आता पक्कं आहे: नव्या ठिकाणी गेलात तर आधी सिनिगांग मागवा. ते फिकं निघालं तर बाकीचं मागवू नका. पावडरच्या पाकिटातून केलेलं सिनिगांग जिभेला लगेच कळतं. त्याचा आंबटपणा वरवर बोचतो, मागे काही उरत नाही.

मे महिन्यात आई आली. तिला हॉटेलात जेवायला नेणं म्हणजे एक काम असतं. मी तिला त्याच तुरो-तुरोत नेलं आणि काचेमागच्या एका काळपट हिरव्या गोळ्याकडे बघून ती थांबली. "हे अळू आहे." मी म्हटलं, लाइंग म्हणतात, बिकोल प्रांतातलं, सुकवलेली अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवतात. तिने पहिला घास अगदी छोटा घेतला. खाजतंय का बघत होती. नाही खाजलं. "चिंच नाही घातलेली, मग कसं?" हा प्रश्न मी वाढणाऱ्या बाईंना विचारला, तर त्या हसल्या आणि हातानेच दाखवलं: पानं नारळाच्या दुधात सोडायची आणि शिजेपर्यंत ढवळायचं नाही, ढवळलं की खाजतं. आई गंभीरपणे मान हलवत ऐकत होती. त्यात डुकराचे तुकडे होते, ते तिने बाजूला काढले आणि बाकी सगळं पुसून खाल्लं. शेजारच्या टेबलावरची मुलं त्या बाईंना "आते, आते" हाक मारत होती. आईला वाटलं, त्यांची आत्या. त्यांच्या भाषेत आते म्हणजे ताई. त्यानंतर आई परत जाईपर्यंत त्यांना आतेच म्हणत होती.

इथे एवढी फिलिपिनो वस्ती का, हेही सांगायला हवं. १९६५ च्या अमेरिकेतल्या स्थलांतर कायद्यानंतर फिलिपिन्समधून नर्सेस मोठ्या संख्येने अमेरिकेत आल्या. इथून जवळच एल्महर्स्ट हॉस्पिटल आहे. २०२० मध्ये कोविडच्या पहिल्या लाटेचा मोठा तडाखा या भागाला बसला. देशातल्या नर्सेसमध्ये फिलिपिनो साधारण ४ टक्के, पण त्या वर्षी सप्टेंबरपर्यंत कोविडने गेलेल्या नर्सेसमध्ये जवळजवळ एक तृतीयांश. त्याच वर्षी रूझवेल्टवर एक भित्तिचित्र रंगवलं गेलं, त्यावर 'माबुहाय', म्हणजे स्वागत, चिरायू हो, असं लिहिलं होतं. ड्यूटी संपवून गणवेशातच या खानावळींत जेवायला बसलेल्या बायका दिसतात. मला तरी त्यांच्याशेजारी बसून जेवताना हे विसरता येत नाही.

आता जागांबद्दल. ७० व्या रस्त्यावर जिना चढून वर गेलं की इहावान. इहाव म्हणजे निखाऱ्यावर भाजणं, आणि तिथे तेच खायचं: काडीला लावलेलं डुकराचं मांस, कडा जळलेल्या, वर गोडसर चकाकी, आणि बाजूला व्हिनेगर. व्हिनेगरमध्ये लसूण आणि मिरी असते. बुडवल्याशिवाय खाऊ नका, नाहीतर गोड लागेल आणि दोन काड्यांत कंटाळा येईल. रूझवेल्टवरच्या रेनीज किचनेटचं वळण पंपांगा प्रांताचं आहे. सिसिग हा पदार्थही त्याच प्रांतातला: डुकराचं डोकं आणि कान बारीक चिरून तव्यावर कुरकुरीत करतात, वर कालामान्सी हे छोटं लिंबू पिळतात. जोडीला भात हवाच, नुसतं खाल्लं तर जड जातं.

सकाळचं मात्र मला सगळ्यात आवडतं. रात्रपाळी संपवून तापसिलोग: खारवलेलं गोमांस, अंडं आणि सिनांगाग, म्हणजे आदल्या दिवशीचा भात भरपूर लसणीवर परतलेला. आपला फोडणीचा भातच, फक्त हळद-मोहरीशिवाय. गोमांस खात नसाल तर लोंगसिलोग मागवा, त्यात डुकराच्या मांसाचं गोड-लसणी सॉसेज असतं. डुक्करही चालत नसेल तर बांगसिलोग. बांगूस नावाचा मासा, काटेरी, पण काटे काढूनही मिळतो, तसं सांगून मागवा. जेवायला सुरी देत नाहीत. उजव्या हातात चमचा, डाव्या हातात काटा, आणि काट्याने चमच्यात ढकलायचं. भात खाणाऱ्या माणसाला हे फार सोयीचं पडतं.

जॉलिबी या फिलिपिनो फास्ट फूड साखळीबद्दल मला नेहमी विचारतात. २००९ मध्ये ते वुडसाइडला आलं, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं त्यांचं पहिलं दुकान. तळलेलं चिकन चांगलं आहे, गोड स्पॅगेटी लहान मुलांना आवडते. पण फक्त त्यासाठी मॅनहॅटनहून येऊ नका. तिथे टाइम्स स्क्वेअरला आता आहेच.

गोडात हालो-हालो. बर्फाचा चुरा, आटवलेलं दूध, खाली गोड शिजवलेली कडधान्यं, फणस, जेली, आणि वर जांभळ्या ऊबेचा गोळा. हा ऊबे म्हणजे आपलं कोनफळ. वसई-पालघरकडे उकडहंडीत पडतं तेच. इथे ते आइस्क्रीम, केक, जॅम सगळ्यात आहे आणि मराठी माणसं ते काहीतरी परदेशी नवल म्हणून बघतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. फालुदा आवडत असेल तर हालो-हालो आवडेलच. मात्र आल्याबरोबर तळापासून ढवळा, नावाचा अर्थच तो आहे: मिसळ-मिसळ.

शाकाहारी लोकांना खरं सांगते, इथे कठीण आहे. भाजीत बागोओंग असतो, म्हणजे खारवून आंबवलेला जवळा, नाहीतर माशाचं पाणी, नाहीतर डुकराचे चार तुकडे वासासाठी. "मांस नाही ना?" असं विचारून भागत नाही. कोळंबी, मासा, बागोओंग, प्रत्येकाचं नाव घेऊन विचारा. हमखास चालणारं म्हणजे तुरोन: केळं आणि फणसाची फोड पापुद्र्यात गुंडाळून साखरेत तळलेली. तिखट खाणाऱ्यांचीही थोडी निराशा होईल. मिरची जेवणात फारशी नसते, बाजूच्या व्हिनेगरमध्ये असते, ती मागून घ्यावी लागते. आणि कारे-कारे, दाण्याच्या कुटाच्या दाट रश्शातली गाईची शेपटी, ती मुद्दाम अळणी करतात. बरोबर दिलेला बागोओंग लावून खायची असते. हे कोणी सांगितलं नाही तर बेचव म्हणून ताट सरकवाल.

रविवारी एक ते तीन जाऊ नका, चर्च सुटल्यावर बसायला जागा मिळत नाही. साडेअकराला जा, तेव्हा पातेली भरलेली आणि गरम असतात. संध्याकाळी सहानंतर तुरो-तुरोतलं सिनिगांग आटून खारट होतं, तेव्हा घेऊ नका. दोघांचं पोटभर जेवण साधारण ४० डॉलरमध्ये होतं, बक्षिसी धरून.

तिथे कोणी जेवत असताना तुम्ही दारातून आत आलात तर ओळख नसली तरी ते ताटावरून मान वर करून म्हणतात, "काइन तायो." चला, जेवू या. आमच्याकडे ओटीवर माणूस आला की आईही "या जेवायला" म्हणते, म्हणून पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा ती थेट जाऊन त्यांच्या टेबलावर बसली. त्यांनी तिला ताट दिलं. काल फोनवर तिने विचारलं, त्या सुकवलेल्या अळूच्या पानांचं पाकीट मिळतं का तिथे. फिल-ॲम फूड मार्टमध्ये मिळालं, दोन घेऊन ठेवली आहेत.