बँडच्या ट्रिपचे पैसे एकाच खात्यात: फसवणूक नेमकी कुठे होते

जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे कार्यक्रम नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १८, १९ आणि २१ तारखेला झाले आणि मग २५-२६ ला अहमदाबादला. ठाणे-नवी मुंबईतल्या ज्यांना स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावरच्या कार्यक्रमाचं तिकीट मिळालं नाही, त्यांतले पुष्कळ जण अहमदाबादला गेले. पश्चिम रेल्वेने त्या दिवसांसाठी खास गाड्याही सोडल्या. मोठा बँड भारतात आला की दर वेळी हेच होतं: घरातल्या कुणाला त्या बँडचं वेड नसतं, कॉलेजचे मित्र ‘एवढे पैसे?’ म्हणून मागे सरतात आणि मग टेलिग्राम, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅपवर भेटलेल्या चाहत्यांबरोबर जायचं ठरतं. त्यात वाईट काही नाही. वाईट घडतं ते सगळ्यांचे तिकिटाचे, गाडीचे आणि खोलीचे पैसे एकाच माणसाकडे जमा होतात तेव्हा.

बनावट तिकिटांबद्दल सगळे सावध करतात. फोटोशॉप केलेलं तिकीट, एकच क्यूआर दहा जणांना विकणं, हे आता बऱ्याच जणांना माहीत झालंय. ग्रुप ट्रिपमधल्या फसवणुकीत मात्र दाखवले जाणारे कागद बहुतेक वेळा खोटे नसतातच. दाखवले त्या क्षणी ते खरे असतात. नंतर ते रद्द होतात आणि पैसे ज्याच्या खात्यातून भरले गेले त्याच्याच खात्यात परत जातात. सगळी मेख या एका गोष्टीत आहे.

आकडे मांडून बघा. समजा बारा जण अहमदाबादला निघालेत. माणशी तिकीट साडेसहा हजार, जाण्यायेण्याची गाडी दोन हजार, दोन रात्रींच्या खोलीचा वाटा अडीच हजार. म्हणजे माणशी अकरा हजार आणि एकूण एक लाख बत्तीस हजार. जमा करणारा गाडीचं आरक्षण खरंच करतो आणि पीएनआर ग्रुपवर टाकतो. हॉटेलचं बुकिंगही खरंच करतो, फक्त ‘फुकट रद्द करता येईल, पैसे हॉटेलवर द्या’ हा पर्याय निवडतो, त्यात त्याचा एक रुपयाही जात नाही. आठवडाभराने गाडीचं आरक्षण रद्द. प्रवासाच्या पुष्कळ आधी रद्द केलं तर रेल्वे किरकोळ रक्कम कापते, बाकीचे पैसे त्याच्याकडे परत. हॉटेल कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी रद्द. कार्यक्रमाचं तिकीट त्याने घेतलेलंच नसतं. ‘रिस्टबँड (प्रवेशासाठी मनगटावर बांधायची पट्टी) मीच घेणार आहे, गेटवर भेटू’ एवढ्यावर सगळे गप्प असतात. दीड-दोन महिने बारा जण निर्धास्त.

हा माणूस बाहेरचा वाटत नाही, हीच पंचाईत आहे. बँडची त्याला खरी माहिती असते: कुठल्या शहरात कुठलं गाणं वाजवलं, ड्रमरच्या हाताला काय झालं होतं, जुन्या अल्बमची कुठली आवृत्ती दुर्मिळ आहे. परदेशी बँडच्या ग्रुपवर गप्पा बहुतेक इंग्रजी-हिंदीत चालतात. तिथे कुणी ‘अरे तू पण ऐरोलीचा? मी घणसोलीला’ असं मराठीत म्हणालं की निम्मा विश्वास तिथेच बसतो. काही महिने तो काही मागत नाही. मग तिकीटविक्रीच्या दिवशी, सगळे ऑनलाइन रांगेत लाखभर नंबर मागे असताना, त्याचा मेसेज येतो: ‘भावांनो, लागली! आठ मिळाली. कोण कोण येतंय?’ लगेच एक नवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघतो, ‘फक्त जाणाऱ्यांचा’. नव्या ग्रुपमुळे जुन्या ग्रुपवरच्या अनुभवी लोकांच्या नजरेतून सगळं बाहेर जातं. तिथे दोन-तीन अनोळखी नंबर आधीच ‘पेड, दादा’ म्हणून स्क्रीनशॉट टाकतात. ते बहुधा त्याचेच असतात. थोड्या दिवसांनी ‘गोंधळ नको’ म्हणून मेसेज टाकण्याचा हक्क फक्त अ‍ॅडमिनकडे ठेवला जातो. पैसे दिल्यानंतर ग्रुपचं तोंड असं बंद झालं, तर त्याच दिवशी बाकीच्यांना एकेकट्याला मेसेज करा. त्यांतला एखादा नंबर कधीच उत्तर देत नाही, असं दिसेल.

पैसे तुकड्यांत मागितले जातात. आधी पाचशे ‘टोकन’, मग तिकिटाचे, मग ‘हॉटेलचे भाव वाढतायत, आजच भरा’, शेवटी ‘रिस्टबँडचं कुरिअर’ म्हणून दोनशे. एकदम अकरा हजार मागितले तर माणूस विचार करतो, तुकड्यांत करत नाही. आणखी एक खूण: दर वेळी क्यूआर वेगळा. ‘माझी यूपीआय लिमिट संपली, ताईच्या नंबरवर टाक.’ पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर जे नाव येतं ते बँकेत नोंदलेलं नाव असतं. ते त्या माणसाचं नसेल तर तिथेच थांबा; भाड्याने घेतलेली खाती अशीच वापरली जातात. पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, हे सगळ्यांना पाठ आहे, पण ‘रिफंड’च्या घाईत तेही विसरलं जातं.

आता प्रत्येक गोष्ट तपासायची कशी ते.

गाडी. पीएनआर दहा आकडी असतो आणि त्याची स्थिती १३९ वर किंवा आयआरसीटीसीवर कुणालाही बघता येते. पण तिथे नावं दिसत नाहीत, फक्त ‘प्रवासी १, प्रवासी २’ दिसतं. एका तिकिटावर सहापर्यंत जण असतात आणि त्यांतला एकच प्रवासी रद्द करता येतो. पीएनआर चालूच राहतो, तुमची सीट गेलेली असते. म्हणून स्क्रीनशॉट घेऊ नका, तिकिटाची पीडीएफ घ्या, आपण कितवे प्रवासी आहोत आणि सीट कुठली ते लिहून ठेवा, आणि दर तीन-चार दिवसांनी स्वतः बघा. तुमच्या ओळीपुढे ‘कॅन’ दिसलं तर तिकीट रद्द झालंय, बाकी कुणी काही सांगो. रद्द झाल्याचा एसएमएस बुकिंग करताना दिलेल्या एकाच नंबरवर जातो आणि तो नंबर अर्थातच त्याचा असतो. वेटिंगचं ई-तिकीट चार्ट लागेपर्यंत पूर्ण वेटिंगवरच राहिलं तर आपोआप रद्द होतं आणि पैसे पुन्हा बुक करणाऱ्याच्याच खात्यात. इथे सज्जन मित्रसुद्धा ‘नंतर देतो’ म्हणून विसरतात. त्यापेक्षा आपलं तिकीट आपल्याच आयआरसीटीसी खात्यातून काढा. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. सगळ्यांनी एक गाडी, एक वर्ग ठरवला आणि एकाच सकाळी बसले तर डबाही बऱ्याचदा एकच मिळतो. सीट शेजारी नाही मिळाली तर नाही मिळाली. आणि कुणी वैयक्तिक आयआरसीटीसी खात्यातून तिकिटं काढून ‘सर्व्हिस चार्ज’ घेत असेल, तर तो रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्या.

खोली. व्हाउचरवर तुमचं नाव आहे म्हणजे पैसे भरलेत असं नाही. हॉटेलला फोन करा. नंबर व्हाउचरवरचा नको, नकाशावरून किंवा हॉटेलच्या स्वतःच्या साइटवरून शोधा. दोनच प्रश्न विचारा: हा बुकिंग क्रमांक चालू आहे का, आणि पैसे भरलेत की तिथे द्यायचेत? ‘तिथे द्यायचेत’ असं उत्तर आलं, तर तुमचे अडीच हजार कुठे आहेत हे ग्रुपवर सगळ्यांदेखत विचारता येतं. हाच प्रकार उलट्या दिशेनेही होतो. नेरूळला कार्यक्रम असला की नाशिक-कोल्हापूरहून येणाऱ्यांना सीवूड्स, जुईनगरमधल्या खोल्यांचे फोटो पाठवून डिपॉझिट मागतात. फोटो दुसऱ्याच फ्लॅटचे असतात. नवी मुंबईतला कुणी ओळखीचा असेल तर त्याला त्या सोसायटीच्या गेटवर जाऊन यायला सांगा. ठाण्याहून नेरूळ ट्रान्स-हार्बरवर थेट आहे, एवढं काम कुणीही करेल.

टेम्पो ट्रॅव्हलर. तीन हात नाक्यावरून किंवा वाशी प्लाझावरून रात्री सुटणारी गाडी ठरवली असेल तर गाडीचा नंबर आधी मागा आणि सरकारच्या एम-परिवहन अ‍ॅपवर बघा. भाड्याच्या गाडीला पिवळी पाटी हवी. पांढऱ्या पाटीची गाडी राज्याच्या सीमेवर अडकली की ‘आरटीओने धरलं, अजून हजार-हजार काढा’ सुरू होतं. चालकाचा नंबर फक्त अ‍ॅडमिनकडे असेल तर ती गाडी अस्तित्वात आहे की नाही हेसुद्धा तुम्हाला माहीत नाही.

बँकॉक-सिंगापूरचा कार्यक्रम असेल तर विमानाचं ‘होल्ड’ बुकिंग दाखवलं जातं. त्याला सहा अक्षरी पीएनआर असतो, तो कंपनीच्या साइटवर उघडतोही, पण पैसे भरलेले नसतात आणि काही वेळाने तो गळून पडतो. साइटवर आडनाव टाकून स्वतः उघडा आणि पैसे भरल्याची नोंद किंवा तेरा आकडी ई-तिकीट क्रमांक आहे का ते बघा. पासपोर्टची प्रत ग्रुपवर कधीच टाकू नका. द्यावीच लागली तर त्यावर आडवं ‘फक्त अमुक प्रवासासाठी’ असं लिहून, तारीख घालून द्या.

राहिलं कार्यक्रमाचं तिकीट. रिस्टबँड घरी येणार असेल तर तो बुक करणाऱ्याच्या पत्त्यावर येतो. काउंटरवर घ्यायचा असेल तर त्याचंच ओळखपत्र लागतं. मोबाइल तिकीट त्याच्याच अ‍ॅपमध्ये असतं. म्हणजे दुसऱ्याने काढलेल्या तिकिटावर तुमचा ताबा कार्यक्रमाच्या दारापर्यंत शून्य. अ‍ॅपमध्ये अधिकृतपणे दुसऱ्याच्या नंबरवर पाठवण्याची सोय असेल तर ते तिकीट आपल्या अ‍ॅपमध्ये आल्यावरच पैसे द्या. सोय नसेल तर आधी पैसे देऊ नका. खरा मित्र गेटवर पैसे घ्यायला तयार होतो. व्हिडिओ कॉल केला, आवाज ओळखीचा वाटला, यावरून काहीही सिद्ध होत नाही, तरी लोक त्यालाच पुरावा मानतात. कार्यक्रम रद्द होण्याचाही विचार करा. ऑक्टोबर २०११ मध्ये मेटॅलिका या बँडचा गुडगावचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला, बेंगळुरूचा मात्र झाला. असं झालं की तिकिटाचे पैसेही मूळ खात्यातच परत जातात. गाडी-हॉटेलचं नुकसान आयोजक भरून देत नाही.

फसवलं गेल्याचं कळलं की पहिलं काम म्हणजे ग्रुप न सोडणं. रागाने शिव्या घालून बाहेर पडलात की तो सावध होतो आणि मेसेज सगळ्यांसाठी पुसू लागतो. आधी चॅट फोटोंसकट एक्स्पोर्ट करा, नंबर दिसतील असे स्क्रीनशॉट घ्या, प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर, म्हणजे व्यवहार क्रमांक, वेगळा लिहा. मग लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा किंवा सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार नोंदवा. पैसे समोरच्या खात्यातून पुढे सरकायच्या आत ते गोठवता आले तर परत मिळण्याची शक्यता राहते. एकदा एटीएममधून निघाले की संपलं. बँकेकडून भरपाईची आशा फारशी नको: रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकातलं संरक्षण तुमच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी होतं, इथे पिन तुम्हीच टाकलाय.

बारा जणांनी प्रत्येकी अकरा हजारांची तक्रार वेगवेगळी केली तर ती बारा छोटी प्रकरणं दिसतात. प्रत्येकाने आपली नोंद करावीच, पण अर्जात बाकीच्यांचे तक्रार क्रमांक आणि तीच यूपीआय खाती लिहावीत, म्हणजे एकच आरोपी असल्याचं तपास अधिकाऱ्याला दिसतं. कलमं साधारण भारतीय न्याय संहितेचं ३१८(४) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ड. हद्दीवरून परत पाठवलं तर अडून राहा. ऐरोली, घणसोली, नेरूळ ठाणे जिल्ह्यात असले तरी पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाचे. कळवा-मुंब्रा ठाणे आयुक्तालयात. पनवेल रायगड जिल्ह्यात असूनही नवी मुंबई पोलिसांकडे. मीरा रोडचं आयुक्तालय २०२० पासून वेगळं. शून्य एफआयआर कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, ऑनलाइन दिलेल्या माहितीवर मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

तक्रारीबद्दल कुठेही जाहीर लिहिलंत की काही दिवसांत एक मेसेज हमखास येतो: ‘मी सायबर सेलमध्ये आहे, तुमचे पैसे अडकलेत, फाइल चार्ज दोन हजार.’ खरे पोलीस पैसे सोडवायला यूपीआयवर फी मागत नाहीत. त्या माणसाचाही नंबर आणि क्यूआर पहिल्याच तक्रारीला पुरावा म्हणून जोडा.